मंगळवारी मी आजारी होते

माझ्या सासूबाईंनी पाळणाघरात एकोणीस वर्षांत एकही खाडा केला नव्हता. आमच्या ओळखीपाळखीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती त्यांनीच सगळ्यांना सांगितली होती. पाय मुरगळला तेव्हा त्या शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या. अक्कलदाढ काढली त्या दिवशी गालाला रुमाल बांधून गेल्या आणि दिवसभर बाळांशी खुणांनी बोलल्या. सासरे वारले ते नेमके पाळणाघराला आठवड्याची सुट्टी लागली त्या दिवशी. "जातानासुद्धा माझ्या खाड्याचा विचार केला बघ त्यांनी," असं त्या म्हणायच्या, आणि हसावं की रडावं ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

पाळणाघरात त्यांना मोठी मावशी म्हणत. उंची जेमतेम पाच फूट, पण सगळ्यांत जुन्या म्हणून मोठ्या. पाळणाघर एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. मागे धुलाईचं दुकान, समोर बसथांबा. आत तीन खोल्या: बाळांची, रांगत्यांची आणि धावत्यांची. मधे लांबोळकी बोळकांडी, तिच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला दोन मोऱ्या. बत्तीस मुलं, पाच मावश्या, एक स्वयंपाकीण, आणि सगळ्यांच्या वर ताई. ताई म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाई. आधी बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे मोठ्या माणसांशीही एक हात कमरेवर ठेवूनच बोलायच्या.

बाळांची खोली मोठ्या मावशीची. आठ बाळं, त्यांत सगळ्यांत धाकटं सात महिन्यांचं. कुणी रडायला लागलं की त्या पाठमोऱ्या बसूनच सांगायच्या, "हे भुकेचं नाही, दाताचं आहे." खांद्यावर कायम एक ओला नॅपकिन. कुणाचं नाक वाहिलं, पूस. कुणी दूध ओकलं, पूस. आठही तोंडं त्या एकाच नॅपकिनने दिवसभर चकाचक. आया संध्याकाळी बाळ न्यायला आल्या की म्हणायच्या, "मावशींकडचं बाळ कसं आरशासारखं असतं!" आणि मावशी घरी येऊन ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकवायच्या.

वर्षअखेरीला ताई बिनखाड्याचं बक्षीस द्यायच्या. अलीकडे बहुतेक वेळा भिंतीवरचं घड्याळ. आमच्या दोन खोल्यांच्या घरात एकूण सात घड्याळं होती आणि कुठल्याही दोघांचं एकमत नव्हतं.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. नवरा बसच्या दुरुस्तीच्या कारखान्यात, पाळीवर. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि आजीचं बोट धरून रोज पाळणाघरात जायची, धावत्यांच्या खोलीत.

त्या मंगळवारी सकाळी मी डबे भरत होते, तेव्हा मोरीतून आवाज आला. कुणी कितीही तोंड दाबलं तरी उलटीचा आवाज लपत नाही. मी दाराशी गेले.

"आई, काय होतंय?"

"काही नाही. अ‍ॅसिडिटी. काल वाटाणे जास्त खाल्ले."

थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज. मग बराच वेळ दार बंद. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा झाला होता.

"आज नका जाऊ ना," मी म्हणाले.

"आणि बाळांच्या खोलीत कोण बसेल? दुसरी मावशी बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय. तू बसतेस?"

मी डब्यांकडे वळले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या घरी राहिल्या असत्या तर मुलीला सोडायला मला उलट्या दिशेने जावं लागलं असतं आणि छापखान्यात त्या दिवशी घाईचं काम होतं. त्यांनी अ‍ॅसिडिटी म्हटलं आणि मी ते मानून घेतलं. चुकीचा शब्द दिसूनही पान पुढे ढकलावं, तसं.

बुधवारी त्या ठणठणीत होत्या. आम्ही दोघी ती गोष्ट विसरलो.

गुरुवारी सकाळी बाळांच्या खोलीतली दोन बाळं ओकायला लागली. दुपारी तिसरं. शुक्रवारी आणखी दोन, आणि रांगत्यांच्या खोलीतली एक मावशी पोट धरून घरी गेली. शनिवारी स्वयंपाकीण पडली आणि आमची मुलगी पडली. रविवारी नवरा पडला. सोमवारी ताईंनी हजेरी घेतली तेव्हा बत्तीसपैकी सतरा मुलं घरी होती. उलट्या, जुलाब, अंगात कणकण. बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांत उठून बसली, पण ते सात महिन्यांचं बाळ उठलं नाही. त्याचे वडील पोस्टमन, आई शिवणकामाच्या कारखान्यात. बाळाने दूध घ्यायचं सोडलं, डोळे खोल गेले, सकाळपासून लंगोट कोरडाच राहिला. शनिवारी संध्याकाळी त्याला दवाखान्यात ठेवलं आणि सलाइन लावलं.

मोठ्या मावशी रविवारी त्याला बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा एकच बोलल्या, "एवढासा हात आणि त्याला पट्टी बांधलीय, सुई हलू नये म्हणून."

आता इतकी मुलं आजारी पडल्यावर लोकांना कुणाचं तरी नाव हवंच असतं. आधी पाण्याच्या टाकीचं घेतलं. टाकी उपसून बघितली तर स्वच्छ. मग दूधवाल्याचं. मग सगळ्यांची बोटं वळली स्वयंपाकिणीकडे. ती तीन महिन्यांपूर्वीच लागली होती, बोलायला बुजरी, आणि तिच्या घरात मिळवती ती एकटीच. "नवी बाई आली आणि हे सुरू झालं," एक आई म्हणाली. "तिच्याच हातचं खाऊन झालं," दुसरी म्हणाली. मंगळवारपर्यंत हे सगळ्यांचं पक्कं ठरलं. बुधवारी संध्याकाळी पालकांची सभा होती आणि तिथे स्वयंपाकिणीला काढायचं, एवढंच बाकी होतं.

त्याच मंगळवारी आरोग्य खात्यातून एक नर्स आल्या. सगळ्या त्यांना सिस्टर म्हणत होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात साधी शाळकरी वही. त्यांनी टाकी बघितली नाही की डबे हुंगले नाहीत. धावत्यांच्या खोलीत मुलांच्या बुटक्या टेबलाशी बसल्या आणि ताईंना म्हणाल्या, "मला फक्त तीन गोष्टी सांगा. कोण आजारी पडलं, कधी पडलं आणि कुठल्या खोलीतलं."

पुढचं मला सासूबाईंनीच सांगितलं. सिस्टरांनी वहीत तीन चौकोन काढले, तीन खोल्यांचे. प्रत्येक मुलाचा ठिपका आणि शेजारी वार. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी वही फिरवून सगळ्यांना दाखवली.

"स्वयंपाकघरातलं जेवण कोण जेवतं?"

"रांगती आणि धावती," ताई म्हणाल्या. "बाळांचं दूध घरून बाटलीत येतं."

"मग जेवणातून झालं असतं तर आधी धावती पडली असती, आणि सगळी एकदम. इथे आधी बाळं पडलीत. गुरुवारी. आणि तुमची स्वयंपाकीण पडली शनिवारी. तिने कुणाला दिलेलं नाही, तिलाच मिळालंय." सिस्टरांनी चष्मा खाली ओढला. "हा पोटाचा विषाणू आहे. अंगात शिरल्यावर साधारण एक-दोन दिवसांत डोकं वर काढतो. म्हणजे मंगळवारी-बुधवारी बाळांच्या खोलीत तो कुणीतरी आणला. बाळं काही बाजारात जात नाहीत. त्या दोन दिवसांत मोठं माणूस कुणी आजारी होतं का? उलटी, जुलाब, नुसती मळमळसुद्धा?"

कुणी बोललं नाही. मोठ्या मावशीही बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. मी भांडी घासत होते, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मागच्या मंगळवारी मला काय झालं होतं गं?"

"अ‍ॅसिडिटी. तुम्हीच म्हणाला होता."

"मी म्हणाले होते. तुला काय वाटलं होतं?"

मी नळ बंद केला. हात पुसले. शेवटी म्हणाले, "आई, सिस्टरांना तरी कुठे खात्री आहे? दुसऱ्या कुणाकडूनही आलं असेल. आणि आता सांगून काय उपयोग? बाळ सुधारतंय. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"तिला काढतील उद्या."

"ताई बघतील काहीतरी."

"ताई काही बघणार नाहीत. पालक ओरडले की ताई पातळ होतात." त्या खाली स्टुलावर बसल्या. "एकोणीस वर्षं मी सांगत आले की माझ्या बाळांना माझ्या हातून कधी ओरखडा आला नाही. आणि बघ. हाताला काही दिसत नव्हतं गं. मी धुतलेही होते. धुतले म्हणजे, पाण्याखाली धरले."

माझा सल्ला गप्प बसण्याचाच होता, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

बुधवारी सहा वाजता सभा भरली. जागा धावत्यांच्या खोलीतच होती, त्यामुळे पालक मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसले होते. एरवी हसू आलं असतं. स्वयंपाकीण भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात. सिस्टर दाराशी होत्या. ताईंनी सुरुवात केली, पण त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत एक वडील उठले. ते कुठल्याशा कचेरीत साहेब होते आणि उठल्यावरही साहेबासारखेच बोलले.

"आम्हाला इतिहास नको. त्या बाईला उद्यापासून ठेवणार आहात की नाही, ते सांगा."

"ठेवा," मोठ्या मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या होत्या. बसलेल्या माणसांपेक्षा थोडीच जास्त त्यांची उंची.

"मंगळवारी मी आजारी होते. सकाळी घरी दोनदा उलटी झाली, जुलाब झाला. घरात अ‍ॅसिडिटी म्हणून सांगितलं आणि कामावर आले. इथेही दुपारी एकदा मोरीत जाऊन ओकून आले. कुणाला बोलले नाही. त्या दिवशी आठही बाळांना मीच उचललं, पुसलं, दूध पाजलं. मी एकटीच होते. ही बाई बाळांच्या खोलीत येत नाही. हिला माझ्यामुळे त्रास झाला, हिच्यामुळे कुणाला नाही. काढायचं तर मला काढा."

तोपर्यंत मीही उठून उभी राहिले होते. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "मी त्यांना जाऊ दिलं." माझा आवाज इतका बारीक आला की मागच्यांना ऐकूच गेला नसावा.

साहेब काहीतरी बोलायला लागले, पण पोस्टमनची बायको उठली आणि ते थांबले. ती दवाखान्यातून थेट आली होती, हातात अजून बाळाची रिकामी बाटली.

"त्या दिवशी माझ्या बाळाला तुम्ही घेतलं होतंत?"

"हो."

"किती वेळा?"

"आठवत नाही. पुष्कळदा. त्याला त्या दिवशी झोप येत नव्हती, कडेवरच होता."

ती निघून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. ते मला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

मग सिस्टर पुढे आल्या. "मी अकरा वर्षं हे काम करते," त्या म्हणाल्या. "पाळणाघरं, शाळा, वसतिगृहं. 'आजारी कोण होतं' असं विचारलं की दरवेळी सगळे छताकडे बघतात. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं." मग त्या ताईंकडे वळल्या. "यांनी मंगळवारी सुट्टी घेतली असती तर?"

"तर... एक दिवसाचा पगार गेला असता," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनाच तो नियम आहे."

"आणि नाही घेतली तर?"

मागून रांगत्यांच्या खोलीतली मावशी म्हणाली, "तर घड्याळ."

"म्हणजे आजारी असताना आलं की बक्षीस, आणि घरी बसलं की दंड," सिस्टर म्हणाल्या. "मग विषाणूला आणखी काय हवं?"

कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून नेला. म्हणजे मी लिहिला, त्यांनी सही केली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. ताईंनी तो वाचून टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही गेलात तर जी नवी येईल तीही पोट दुखत असताना येईल. आणि ती सांगणार नाही."

"मग राहते," मावशी म्हणाल्या. "पण मी सांगेन तसं करायचं."

ताई आयुष्यात पहिल्यांदा कमरेवरचा हात काढून बोलल्या. "सांगा."

सांगायच्या आधी त्यांना स्वतःला ते पटवून घ्यायचं होतं. सिस्टर म्हणाल्या ते त्यांनी ऐकलं होतं, पण दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फळ्याचा निळा खडू कुटून भुकटी केली आणि ती दोन्ही हातांना चोळली. लंगोट बदलल्यावर घाईत पुसायच्या तसे हात नॅपकिनला पुसले आणि तासभर नेहमीचं काम केलं. मग सगळ्या मावश्यांना बोलावलं आणि निळं शोधायला लावलं.

निळं दाराच्या कडीवर होतं. नळाच्या चावीवर होतं. दुधाच्या तीन बाटल्यांवर, दोन गालांवर, ताईंच्या पेनवर होतं. मोठ्या मावशींच्या स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर होतं, त्यावरून सगळ्या पोट धरून हसल्या. मग एकीने खुळखुळा उचलला. खुळखुळ्यावर निळा अंगठा उमटला होता आणि तो धरून बसलेल्या बाळाच्या जिभेवरही निळं होतं. हसणं तिथेच थांबलं. खांद्यावरचा नॅपकिन तर पुरता निळा झाला होता. मावशींनी तो दोन बोटांत उचलला, बराच वेळ बघितला आणि बादलीत टाकला. एकोणीस वर्षांनी त्यांचा खांदा रिकामा दिसला.

मग नियम झाले. मी ते छापखान्यात ठळक अक्षरांत छापून आणले, एकही चूक न ठेवता. ज्याला उलटी-जुलाब होतील, तो लहान असो वा मोठा, थांबल्यावरही पुरे दोन दिवस घरी. आणि मावशी असेल तर पगार कापायचा नाही. बदलीला ताई स्वतः बसणार. लंगोट बदलणारीने त्या पाळीत कुणाला भरवायचं नाही. हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक तोंडाला वेगळं फडकं, एकदा पुसलं की धुवायला. तोंडात गेलेलं खेळणं लाल बादलीत. ओकलेली जागा ब्लीचच्या पाण्याने, आणि तोवर मुलं दुसऱ्या खोलीत. खिडक्या उघड्या.

पगार न कापण्याच्या नियमावर ताई दोन दिवस अडून बसल्या. त्यांचंही बरोबर होतं, पाळणाघर काही सोन्याच्या खाणीवर उभं नव्हतं. तेव्हा स्वयंपाकीण, जिचा आवाजही आम्ही धड ऐकला नव्हता, ती म्हणाली, "ताई, त्या आठवड्यात सतरा मुलं घरी होती. त्यापेक्षा एक मावशी घरी बसलेली परवडते." ताईंनी सही केली.

नियम कागदावर छापणं सोपं. दारात उभं राहून ते पाळणं मावशींच्या वाट्याला आलं. तीन महिन्यांनी एका सकाळी तेच साहेब आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा रांगत्यांच्या खोलीतला, एरवी दारातच उड्या मारणारा. आज खांद्यावर मान टाकलेली. त्या दिवशी मुलीला सोडायला मी गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

"काय झालं याला?" मावशींनी विचारलं.

"काही नाही, झोप झाली नाही."

मावशींनी मुलाच्या तोंडाजवळ नाक नेलं. "संत्र्याचा वास येतोय. तापाचं औषध पाजलंत ना?"

साहेब लाल झाले. "पहाटे थोडं अंग तापलं होतं. आता उतरलंय. माझी दहा वाजता महत्त्वाची मीटिंग आहे, मावशी."

"औषधाने उतरलंय. दहा वाजता तुमची मीटिंग आणि अकरा वाजता याचा ताप. न्या घरी."

"तुम्ही मला सांगणार? तुम्ही स्वतः..." ते अर्धवट थांबले.

"हो, मीच सांगणार," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी स्वतः आले होते म्हणूनच सांगतेय. तुम्हाला काय वाटतंय ते मला पुरतं कळतं. आपल्यावाचून अडेल असं वाटतं. औषध घेतलं, उतरलं, चला. तुम्ही काही वाईट माणूस नाही, साहेब. मीही नव्हते. पण न्या त्याला घरी."

साहेबांनी जागच्या जागी दोनदा घड्याळाकडे बघितलं आणि ते मुलाला परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात लाल फोड उठले. लहान मुलांत भराभर पसरणारा आजार. रांगत्यांच्या खोलीत मावशी आठ दिवस रोज प्रत्येकाचे तळहात उलटे करून बघत होत्या. दुसऱ्या एकालाच आला, तोही साहेबांच्या शेजारचा, त्यांच्याच अंगणात खेळणारा. बाकीची खोली कोरडी राहिली. साहेबांनी ताईंना फोन करून एवढंच सांगितलं, "मावशींना सांगा, बरोबर होतं त्यांचं." मावशींनी तेही वाक्य घरी येऊन मला जसंच्या तसं ऐकवलं. काही सवयी जात नाहीत.

पोस्टमनचं बाळ पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी गेलं होतं, पण पाळणाघरात आलं नाही. आईने त्याला आपल्या माहेरी ठेवलं. मावशींनी त्याची जागा कुणाला दिली नाही आणि त्याचं नावही काढलं नाही. मग एक दिवस ती आली, बाळाला घेऊन. बाळ आता भिंत धरून उभं राहत होतं. तिने मावशींकडे बघितलं नाही, बाळ दुसऱ्या मावशीच्या हातात दिलं आणि गेली. असं आठ-दहा दिवस चाललं. एका सकाळी दुसरी मावशी आली नव्हती. तिला उलटी झाली होती आणि तिने सहा वाजताच फोन करून कळवलं होतं. पोस्टमनची बायको दारात क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हात धुतलेत?"

"धुतलेत. पुन्हा धुते, तुमच्यासमोर," मावशी म्हणाल्या, आणि गेल्या नळाशी. तिने उभं राहून सगळं बघितलं. मग बाळ दिलं.

त्या वर्षी मोठ्या मावशींनीही सर्दी-तापाचे तीन खाडे केले. पहिल्या दिवशी घरात अशा फिरत होत्या की जणू कुणी त्यांना चुकून कोंडलंय. दर तासाला ताईंना फोन. शेवटी ताई म्हणाल्या, "मावशी, ठेवा आता. बाळांना तुमच्या फोनचा संसर्ग होईल."

पुढच्या वर्षी सिस्टरांनी गावातल्या पाळणाघरांच्या मावश्यांना आरोग्य केंद्रात एकत्र बोलावलं. साठेक बायका होत्या. डॉक्टर बोलले, चित्रं दाखवली. मग सिस्टरांनी मोठ्या मावशींना पुढे बोलावलं. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता. कुणीतरी तो खाली करायला धावलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, मला ओरडायची सवय आहे," आणि माइकशिवायच बोलल्या. निळ्या खडूची भुकटी घेऊन गेल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांशी हात मिळवला आणि म्हणाल्या, "आता तुमचं पेन शेजारच्याला द्या." साठ बायका मान उंचावून निळ्याचा प्रवास बघत होत्या.

मग त्यांनी मंगळवारची गोष्ट सांगितली, सबंध. उलटी, अ‍ॅसिडिटी, ते बाळ, ती सुई, सभा. काही गाळलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "या कोण?" मी सांगितलं, "माझ्या सासूबाई." लग्नाला सात वर्षं झाली होती. हे दोन शब्द मी इतक्या मोठ्याने त्याआधी कधी उच्चारले नव्हते.

बोलणं संपल्यावर मधल्या रांगेतून एक तरुण मावशी उठली. "तुमच्या ताई ऐकणाऱ्या होत्या," ती म्हणाली. "आमच्या मालकीणबाई म्हणतात, एक दिवस नाही आलीस तर दुसरी ठेवीन. मागच्या आठवड्यात मी तापातच गेले होते. मग आम्ही काय करायचं?"

सिस्टर काहीतरी सांगायला पुढे होत होत्या, पण मावशी व्यासपीठावरून खाली उतरून तिच्याजवळ गेल्या.

"पाळणाघर कुठे आहे तुझं?"

तिने सांगितलं.

"बस कुठली जाते?"

तिने तेही सांगितलं. मावशींनी मागे वळून मला शोधलं. "अगं, शनिवारी तुझा छापखाना बंद असतो ना? त्याआधी नियमांचे ते कागद आणखी वीस छापून आण. आपल्याला एका बाईंकडे जायचंय."

त्या शनिवारी आम्ही गेलो. मालकीणबाईंनी आम्हाला आधी दारातच उभं केलं. दीड तासाने आम्ही बाहेर पडलो, तेव्हा कागद त्यांच्या भिंतीवर होता आणि त्यांचे दोन्ही तळहात निळे होते.